बिनसनदेची जहागीर

हैदराबादेत राहणाऱ्यांस ‘जहागीर’ हा शब्द समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. निजामी अमदानीत राज्याचा फार मोठा भाग सर्फ-ए-खास, पायगा आणि जहागिरी यांत वाटला गेला होता. त्या जहागिरदारांजवळ सनदा होत्या, दप्तरांत नोंदी होत्या, आणि कोणाकडे किती गावे आहेत हे लहानथोर सर्वांस ठाऊक होते. १९४९ साली जहागिरी नष्ट करण्याचा कायदा झाला, १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले आणि ते प्रकरण मिटले. ते मिटू शकले याचे एक कारण असे की, सारा व्यवहार कागदावर होता. जिची सनद असते ती जहागीर रद्द करता येते.

परंतु आणखी एक जहागीर आहे, तिची सनद कोणी लिहिली नाही. ती मागावी लागत नाही, तिच्यासाठी अर्ज करावा लागत नाही, आणि ती आपणाजवळ आहे हे भोगणाऱ्यास बहुधा ठाऊकच नसते. जन्माबरोबर आडनाव येते, आडनावाबरोबर ही जहागीर येते. तिचे उत्पन्न पैशांत मोजले जात नाही. ते मिळते ते दाराशी, पाण्यापाशी, पंक्तीत, भाड्याच्या घरात आणि शाळेच्या वर्गात. प्रस्तुत लेखात आम्ही तिचाच थोडा अभ्यास करणार आहोत.

परदेशांत हा अभ्यास वर्णाच्या संदर्भात झालेला आहे. पेगी मॅकिंटॉश या अमेरिकन विदुषीने १९८८ साली, केवळ आपण गोऱ्या आहोत म्हणून आपणांस रोजच्या जीवनात कोणत्या सोयी न मागता मिळतात, याची चक्क एक यादी केली. दुकानात शिरल्यावर पहारेकरी आपल्या मागे मागे फिरत नाही, ही तीतील एक सोय. सोय म्हणावी इतकीही ती मोठी वाटत नाही. ज्याच्या मागे पहारेकरी फिरतो त्यास मात्र ती दिसते. आपल्या देशात गोऱ्या-काळ्या वर्णाचे हे काम पुष्कळसे जातीने केले. हा संबंध आम्ही ओढूनताणून जोडीत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अमेरिकेतील ज्या सज्जनांनी काळ्या लोकांस दास्यातून मुक्त करण्यासाठी खटपट केली त्यांस अर्पण केली होती. पुण्यात बसून त्यांनी दोन्ही दास्यांचे नाते दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

आता आपल्याच जुन्या राज्यातील एक प्रसंग पाहू.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. तो मुलूख त्या वेळी निजामाचा, म्हणजे आपल्या हैदराबाद संस्थानाचा होता. दिवस रमजानचे होते. दिवसभराच्या प्रवासाने सर्वांच्या अंगावर धूळ बसलेली. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेला एक लहानसा हौद होता आणि त्याच्या भोवती दगडी फरशी होती. मंडळींपैकी काहींनी त्या फरशीवर बसून हातपाय धुतले, तोंडावर पाणी मारले, आणि सर्वजण दरवाजाकडे गेले. इतक्यात पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध मुसलमान मागून ओरडत आला, की या लोकांनी हौद बाटविला. हां हां म्हणता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली, आणि गोष्ट हातघाईवर येते की काय असे वाटू लागले. पुष्कळ बोलाचालीनंतर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली. परंतु आत कोठेही पाण्यास शिवावयाचे नाही, या अटीवर. ती अट पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

हा वृत्तांत बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवला आहे. त्या वेळी ते कोलंबिया आणि लंडन येथील विद्यापीठांच्या पदव्या घेतलेले, लंडनच्या गोलमेज परिषदांत बसून आलेले गृहस्थ होते. त्या पदव्यांचा दौलताबादच्या हौदापाशी काडीचा उपयोग झाला नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ओरडत आलेला वृद्ध हिंदू नव्हता. त्याच्या धर्मात अस्पृश्यतेला स्थान नाही; तरीही शेजाऱ्यांच्या घरचा हा विटाळ त्याने आपल्या घरी आणून ठेवला होता. अशा समजुती धर्मग्रंथ उघडून पाहत बसत नाहीत.

परंतु विद्यार्थ्यांनी या प्रसंगाकडे आणखी एका बाजूने पाहावे, असे आम्हांस वाटते. त्या दिवसापूर्वी आणि त्या दिवसानंतर त्या हौदावर हजारो प्रवाशांनी पाय धुतले असतील. त्यांत आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे असतील. औरंगाबादेस कोर्टकचेरीच्या कामासाठी जाताना ते तेथे थांबले असतील, पाणी प्याले असतील आणि पुढे गेले असतील. घरी येऊन त्यांनी किल्ल्याची उंची, खंदक, भुयारी वाट आणि मेंढातोफ यांचे वर्णन केले असेल. ‘आम्ही हौदावर पाय धुतले आणि कोणी ओरडले नाही,’ हे मात्र कोणी सांगितले नसेल. कारण त्यात सांगण्यासारखे काय आहे? जी गोष्ट सांगण्यासारखी वाटत नाही तीच ही जहागीर. तिच्यात घडत काहीच नाही, आणि म्हणूनच ती आठवणीत राहत नाही. बाबासाहेबांस मात्र तो हौद जन्मभर आठवला.

पुढे १९५३ साली याच हैदराबाद नगरीत उस्मानिया विद्यापीठाने त्यांस डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. त्या गौरवाचा आम्हांस अभिमान आहे. तथापि एका थोर पुरुषाचा सत्कार करणे आणि वाटेल त्या माणसास हौदावर पाय धुऊ देणे, यांत दुसरी गोष्ट अवघड आहे.

“हे सारे जुने झाले, आता कोण पाळतो?” असे आमच्या वाचकांपैकी काही म्हणतील. कायद्याच्या दृष्टीने ते म्हणणे बरोबर आहे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली ती पाळणे हा दंडनीय अपराध ठरला. परंतु २०११-१२ साली देशभर सुमारे ४२ हजार कुटुंबांची एक मोठी पाहणी झाली. घरात कोणी अस्पृश्यता पाळते काय, आणि पाळत नसल्यास दलित व्यक्तीने तुमच्या स्वयंपाकघरात यावे, तुमची भांडी वापरावीत, हे तुम्हांस चालेल काय, असे तीत विचारले होते. सुमारे २७ टक्के कुटुंबांच्या उत्तरांतून कोणत्या ना कोणत्या रूपाने अस्पृश्यता पाळली जात असल्याचे निघाले. हे तोंडाने कबूल करणारे झाले. न करणारे किती, याचा अंदाज ज्याने त्याने आपापल्या बिऱ्हाडावरून बांधावा.

भांड्यांचा विषय निघालाच आहे, तर थोडे तेथेच थांबू. काचीगुडा, सुलतानबाजार, बडी चावडी किंवा कुत्बीगुडा येथील एखादे सुस्थितीतील मराठी घर डोळ्यांपुढे आणा. सकाळी घरकामास बाई येतात. मुले त्यांस ‘अम्मा’ म्हणतात, आणि तेही मायेने. त्या भांडी घासतात, केर काढतात, फरशी पुसतात. मग त्यांस चहा मिळतो. चहा चांगला असतो, साखरेत कसर नसते. मात्र तो ज्या पेल्यात ओतला जातो तो पेला फळीवरील इतर पेल्यांत ठेवलेला नसतो. तो मोरीच्या कट्ट्यावर किंवा खिडकीच्या गजाशी निराळा उपडा घातलेला असतो. अम्मा चहा पितात, पेला स्वतः विसळतात आणि पुन्हा तेथेच उपडा घालतात. हे कोणी कोणास सांगावे लागत नाही. घरातील पाच वर्षांच्या मुलासही तो पेला कोणाचा हे ठाऊक असते, आणि त्यास ते कोणी शिकविल्याचे कोणासही आठवत नाही.

आता विचार करा. त्या घरातील प्रत्येक ताट, प्रत्येक वाटी, देवपूजेचे तांब्याचे ताम्हनसुद्धा, अम्मांच्याच हातांनी घासले जाते. ज्या हातांनी घासलेली भांडी चालतात त्याच हातांनी धरलेला पेला चालत नाही! कारण विचारले तर “स्वच्छतेसाठी” असे उत्तर येते. ते खरे असते तर प्रत्येक पाहुण्यासाठी निराळा पेला ठेवावा लागला असता. कारण पाहुणा कोठून आला आणि त्यास कोणता रोग आहे हे तरी कोणास ठाऊक असते? तेव्हा कारण स्वच्छतेचे नाही. कारण जुने आहे. त्यास फक्त नवे नाव दिले आहे.

पेल्याची गोष्ट घरातली झाली. घराबाहेर ही जहागीर बहुतेक आडनावाच्या रूपाने वावरते. नवी ओळख झाली की आपली माणसे पहिल्याप्रथम आडनाव विचारतात, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही तर “मूळ गाव कोणते? कुलदैवत कोणते?” असे विचारीत विचारीत हवे तेथे जाऊन पोचतात. ज्याचे आडनाव ऐकताच समोरच्याचा चेहरा खुलतो त्यास हा प्रश्न आपुलकीचा वाटतो. ज्याच्या आडनावानंतर क्षणभर शांतता पसरते त्यास तो तसा वाटत नाही. ही केवळ कल्पना नव्हे. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतील जाहिरातींस अनुसरून खाजगी कंपन्यांकडे नोकरीचे अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण आणि पात्रता सारखी, नावे तेवढी निरनिराळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या उमेदवारांस मुलाखतीची बोलावणी अधिक आली. दलित नावाच्या उमेदवारांस कमी, आणि मुसलमान नावाच्या उमेदवारांस त्याहूनही कमी. हे संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांस बोलावणे आले त्यांनी ते आपल्या गुणांमुळे आले असेच समजावे, यात नवल नाही. गुण त्यांच्याजवळ होतेच. परंतु तेच गुण दुसऱ्याजवळ असून त्याचे पाकीट उघडून बाजूस ठेवले गेले, हे त्यांस कळण्याचा मार्ग नव्हता.

नावाची ही किंमत मराठवाड्याने फार जड हाताने मोजली आहे. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि खेडोपाडी दलितांची घरे जाळली गेली. नामविस्तार होण्यास १९९४ साल उजाडले. येथील पुष्कळ कुटुंबांचे नातेवाईक नांदेड, परभणी, लातूर, बीड या भागांत आहेत. त्या दिवसांविषयी घरात काय बोलले गेले, किंवा काय बोलले गेले नाही, हे वडील मंडळींस विचारण्यासारखे आहे.

रंगाचा विषयही अगदीच सोडून देता येत नाही. आपल्या शहरात मासाब टँकनजीक ए. सी. गार्ड्‌स नावाची वस्ती आहे. हे नाव निजामाच्या पदरच्या आफ्रिकी घोडदळावरून, ‘आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्‌स’वरून, पडले. त्या सिद्दी शिपायांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या येथले रहिवासी आहेत, त्यांचा मरफा हैदराबादी वरातीत आजही घुमतो. आणि तरीही त्यांच्या केसांकडे व वर्णाकडे पाहून त्यांस परके समजणारे लोक आहेत. ईशान्येकडील राज्यांतून येथे शिकावयास आलेल्या मुलामुलींस “तुम्ही कोणत्या देशाचे?” असे विचारले जाते. आणि आपल्या वधूवरांच्या जाहिरातींतील ‘गोरी’ हा शब्द तर वाचकांच्या परिचयाचा आहेच. अधिक लिहीत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. “आम्ही कसले जहागिरदार? आम्ही स्वतःच या शहरात अल्पसंख्य. निजामाच्या काळी आमच्या मुलांस उर्दूतून शिकावे लागले, मराठी शाळा चालविण्यासाठी वर्गण्या गोळा कराव्या लागल्या. आजही आमच्या घरी दोन वेळची ओढाताण आहे.” हे सर्व खरे आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे, आणि मराठी मुलास भाषेच्या भिंतीवर डोके आपटूनच पुढे जावे लागले. परंतु एका दाराशी अडविला गेलेला मनुष्य दुसऱ्या दाराने सहज आत जात असतो. जो मराठी मुलगा उर्दू शाळेत मागे बसला तोच मुलगा सुटीत गावी गेल्यावर विहिरीवर निःशंकपणे पाणी पीत होता. आणि त्याच गावचा, त्याच शाळेत शिकणारा महार किंवा मांग जातीचा मुलगा दोन्हीकडे बाहेर होता. उलट, स्वतः भाषेमुळे अडविले गेल्याची आठवण ज्या घरात जागी आहे त्या घरास दुसऱ्याचे अडविले जाणे लवकर समजावयास हवे. ते नेहमी समजतेच असे नाही.

या शहरात ज्यांनी ही बंद दारे स्वतः ढकलली त्यांत भाग्यरेड्डी वर्मा (१८८८–१९३९) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९०६ साली त्यांनी ‘जगन्मित्र मंडळी’ स्थापिली, कथाकीर्तनांच्या द्वारे दलित वस्त्यांत जागृती केली, आणि १९१० पासून इसामिया बाजारासारख्या वस्त्यांत मुलांसाठी शाळा काढल्या. ‘पंचम’ आदी अपमानकारक नावे टाकून ‘आदि-हिंदू’ हे नाव त्यांनी रूढ केले आणि १९३१ च्या जनगणनेत ते नोंदवून घेतले. इसामिया बाजार आमच्या मराठी वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी त्यांचे नाव मराठी घरांत फारसे कानी पडत नाही, ही गोष्ट आम्हांस खटकते.

आता राहिला प्रश्न बोलण्याचा. ज्यास ही जहागीर दिसू लागली त्याने ती इतरांपुढे कशी मांडावी? येथे तरुण मंडळी बहुधा फार घाई करतात. पुस्तकात काहीतरी वाचावे आणि त्याच रात्री जेवणाच्या पाटावर आजीस “तू जातीयवादी आहेस” असे म्हणून मोकळे व्हावे, याने आजी जेवण टाकून उठते आणि पेला होता तेथेच राहतो. साने गुरुजींचे उदाहरण पाहावे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले, लोकांशी बोलले, गावोगावच्या विहिरी आणि देवळे खुली करण्याची विनवणी करीत राहिले, हे कमी लोकांस ठाऊक असते. मंदिर उघडले त्यात उपोषणाइतकाच त्या हिंडण्या-बोलण्याचा वाटा होता, असे आमचे मत आहे.

आजीशी बोलावयाचे तर आरोपाने आरंभ करू नये, प्रश्नाने करावा; आणि प्रश्न खरोखर उत्तर ऐकण्यासाठी विचारावा. “आजी, तुझ्या माहेरी विहिरीवर कोण कोण पाणी भरीत असे? ज्यांस भरू देत नसत ते पाणी कोठून आणीत?” आजी सांगू लागते. कोणी ओंजळीत उंचावरून पाणी ओतीत असे, कोणी पाण्यासाठी ताटकळत उभे असे, शाळेत एखादा मुलगा ओसरीबाहेर गोणपाटावर बसत असे. सांगता सांगता कधी ती स्वतःच थांबते. त्या थांबण्यास घाईने शब्द देऊ नयेत. पेल्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी काढली तरी चालते. किंबहुना ती न काढता, दुपारी अम्मांस चहा देताना फळीवरचा पेला घ्यावा. घरात कोणी काही बोललेच तर तेव्हा बोलावे. आणि अम्मा संकोचल्या, त्यांनीच “नको, माझाच द्या” म्हटले, तर हट्ट करून त्यांस आपल्या सुधारणेचे साधन बनवू नये. पिढ्यांची भीती एका चहात जात नाही.

वर्गमित्रांशी बोलताना अडचण निराळी असते. तेथे विषय लगेच राखीव जागांवर जातो आणि आवाज चढतात. त्या वेळी एकच विचारावे : परीक्षेस बसण्याआधी तुझ्या घरी शिकलेल्या पिढ्या किती? उत्तर तीन किंवा चार असेल, तर ती पिढीजात शिदोरी आहे. ती कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिलेली नसते. २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांचा मृत्यू झाला तेव्हा या शहरातील घराघरांत वाद झाले. त्या वादांत बोलणारे पुष्कळ होते. ज्या विद्यार्थ्यांच्या आयुष्याविषयी वाद चालला होता त्यांचे ऐकणारे थोडे होते.

यावरून शेवटचा मुद्दा येतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. त्याच्या सिद्धतेत अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे स्पृश्य समाजातील गृहस्थ होते, आणि डिसेंबरात मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव सहस्रबुद्धे यांनीच मांडला. या मंडळींनी स्वजातीची बोलणी खाल्ली. परंतु परिषद त्यांची नव्हती, आणि ती आपली आहे असा आव त्यांनी आणला नाही. नेतृत्व बाबासाहेबांचे होते, पुढे टाकलेली पावले अस्पृश्य बांधवांची होती, आणि नंतर लाठ्यांचा मारही त्यांनीच खाल्ला. ज्याच्याजवळ जहागीर आहे त्याने दुसऱ्याच्या सभेत कोठे बसावे, हे सहस्रबुद्ध्यांकडून शिकण्यासारखे आहे. तसेच, वर्गातील एखाद्या दलित मित्रास गाठून “तुला काय काय सोसावे लागले ते सांग” असे विचारणे हाही एक प्रकारचा हक्कच गाजविणे होय. त्याने सांगितले तर ऐकावे. न सांगितले तर त्याच्याशी गणिताविषयी किंवा क्रिकेटविषयी बोलावे.

येत्या सुटीत विद्यार्थ्यांनी एक लहानसे काम करावे, असे आम्ही सुचवितो. एका वहीत आठ दिवस लिहून ठेवावे : घरात कोण कोणत्या दाराने आले, कोण खुर्चीवर बसले, कोण उभे राहिले, कोणास कशात चहा दिला, कोणास ‘अहो’ म्हटले व कोणास ‘अरे’, आणि कोणाचे पूर्ण नाव आपणांस ठाऊक नाही. आणि घरात ऐंशी-नव्वदीची माणसे असतील तर गावची विहीर, तिचे पाणी आणि ते भरणारी माणसे यांविषयी त्यांच्याकडून ऐकून घ्यावे. गावांची, वाड्यांची, जातींची आणि माणसांची नावे त्यांस अजून आठवतात. पुढल्या सुटीपर्यंत थांबू नये.